चोपडेवालीची लेक

आमची माय तोंडाची फटकळ होती हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला देवी करून बसवाल. मंदाबाई तिचं नाव. अमळनेरला स्टेशनच्या अंगाला कापसातली सरकी काढायची जिनं होती, त्यातल्या एकात ती आणि आमचे आबा, तोताराम, दोघंही कामाला. आबा गाठी उचलायचे, माय बायकांच्या टोळीत बसून कापसातला पिवळा, किडका भाग वेचून काढायची. मशीनच्या आवाजात उभा जन्म गेला, त्यामुळे घरात भाकर वाढतानासुद्धा ती ओरडूनच बोलायची. शेजाऱ्यांना वाटायचं, रोज भांडण चाललंय. भांडणही चालायचं म्हणा.

आम्ही तिघी बहिणी. लिला थोरली, मी कुंदा मधली, सुंदर धाकटी. थोरलीत आणि माझ्यात दहा-अकरा वर्षांचं अंतर. माय कामावर, त्यामुळे मला आणि सुंदरला कडेवर वाढवलं ते लिलानं. आम्ही तिला अक्का म्हणायचो. माय मारायला धावली की मी अक्काच्या पाठीमागे लपायची आणि मार बसायचा अक्काला. ती हसायची. तिला मारल्यावर मायसुद्धा हसायची. मला मारून ती कधी हसली नाही, याचा मला फार राग होता. मला वाटायचं, मायचा सगळा जीव थोरलीतच आहे.

अक्काला बोदवडला दिली. भटूभाऊ तिथे स्टेशनवर हमाली करायचे. गरीब, पण माणूस लाखात एक. त्यांना दोन मुलगे झाले आणि दोघांच्याही नशिबी एकच आलं. पोरगं पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत ठीक, मग चालता चालता पडायला लागायचं. पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, बघणारा म्हणेल पहिलवान होईल, आणि पायात जीव नाही. थोरला असाच आधी बसला, मग आडवा झाला आणि मिसरूड फुटायच्या आत गेला. देवदेव, उतारे, भगत, सगळं करून झालं. मग धाकटा आधारसुद्धा पडायला लागला. चौऱ्याहत्तर साली तो अकराचा होता आणि अक्का त्याला कडेवर घेऊन संडासला न्यायची. पोराला लाज वाटायची. तो डोळे मिटून घ्यायचा.

त्याच वर्षी भटूभाऊंनी त्याला धुळ्याला एका डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधारला बघितलं, थोरल्याची हकीकत विचारली आणि अक्काला समोर बसवून सांगितलं, की हा आजार मुलग्यांनाच होतो आणि आईकडून येतो. बाईला स्वतःला काही होत नाही, ती नुसती पुढे देते. तिला तो बहुधा तिच्या आईकडून आलेला असतो, आणि तसं असलं तर तिच्या बहिणींच्या अंगातही असू शकतो. मुंबईला काही मोठे डॉक्टर अशा घराण्यांचा अभ्यास करत होते. आई, बहिणी, सगळ्यांचं रक्त मिळालं तर पुढे कधीतरी उपयोग होईल, असं ते म्हणाले.

"आधार बरा व्हई का?" अक्कानं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. गोड बोलून फसवलं नाही, एवढ्यासाठी मी त्या माणसाला मान देते.

अक्काच्या जागी मी असते तर रक्त देण्याऐवजी शिव्या दिल्या असत्या. पण अक्का ती अक्काच. तिनं भटूभाऊंकडून निरोप पाठवला, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण सगळ्या अमळनेरला असू, तेव्हा डॉक्टरला बोलावते. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी आली नाही तर तिचं माहेर मेलं असं समजतात, तेव्हा तिघी एका ठिकाणी सापडायचा तेवढाच दिवस. रीतीप्रमाणे भिकनमामा, म्हणजे मायचा भाऊ, मुराळी होऊन आम्हाला आणायला गेला. आधी बोदवडला, मग धुळ्यात देवपूरला माझ्याकडे.

मी तेव्हा पोटुशी होते, सहावा महिना होता. आधीच्या दोन मुली. सासरी सगळे मुलाची वाट बघत होते, आणि आता हे ऐकल्यावर सासूबाईंचं तोंड असं झालं की मी त्या घरात पाणी प्यायलाही भीत होते. आमचे हे कचेरीत कारकून, बोलायला सभ्य. ते म्हणाले, "मी येतो बरोबर. काय ते तिथंच कळू दे." सुंदरचं लग्न ठरलेलं, पारोळ्याचं स्थळ, ज्येष्ठातली तिथी. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. आम्ही आल्यापासून ती माझ्याशी आणि अक्काशी बोलेना.

घरात खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. माय चुलीपुढे बसलेली, दोन्ही हातांवर पोळी पसरवत होती आणि आमच्याकडे बघत नव्हती. अक्कानं विषय काढला.

"रगतबिगत काई देवानं नही," माय म्हणाली. "सणना दिन शे. खा, प्या, झोक्यावर बठा."

"माय, एक गया, दुसरा जाई ऱ्हायना," अक्का म्हणाली. "कुंदाना पोटमा काय शे कोनले ठाऊक? मन्हावर उनं ते तिच्यावर नको येवाले. सुंदरनं बी तेच."

"तुन्हा पाय पडस, गप ऱ्हाय."

माय कोणाच्या पाया पडायची भाषा करणारी बाई नव्हती. मला ते खटकलं. पण मला वाटलं, लोकलाजेची भीती असेल. खरं सांगायचं तर मला तिचा संतापच आला. स्वतःच्या रक्तात खोट निघेल म्हणून म्हातारी आम्हाला अंधारात ठेवतेय, असं मी सुंदरजवळ बोललेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं डॉक्टर आले. बिचारे घामानं निथळत होते. ओट्यावर सतरंजी टाकली. आबा तोवर वारले होते. हे बसले, भिकनमामा बसला, भटूभाऊ आधारला मांडीवर घेऊन भिंतीला टेकले. आम्ही बायका दारात. डॉक्टरांनी एका कागदावर चित्र काढायला घेतलं. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन. वर मायचा गोल, खाली आमचे तिघींचे तीन, अक्काच्या खाली दोन चौकोन, आणि ते दोन्ही पेन्सिलनं काळे केले. आधार मान वळवून बघत होता. त्याचा चौकोन कोणता हे त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"रक्त दिलं की हिच्यात आहे की नाही हे नक्की कळेल ना?" आमच्या ह्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. रक्त वाईट निघालं तर वाईट. चांगलं निघालं तरी सुटलो असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि पोटुशी बाईचं रक्त तर मुळीच भरवशाचं नसतं. बाळंतपणानंतर परत घ्यावं लागेल.

"म्हणजे कळणारच नाही."

"आज नाही."

मग हे मायकडे न बघता म्हणाले, "मग असं करू. हिला इथंच राहू दे. मुलगी झाली तर बघू. मुलगा झाला तर तो धड चालतोय हे दिसेपर्यंत इथंच राहील. माझ्या आईला मी दुसरं काही सांगू शकत नाही."

ते वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला बरं झालं असतं, मी तिथंच भांडले असते. मी नुसती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. सुंदर आत जाऊन पडली आणि तिचं रडणं ओट्यापर्यंत ऐकू येत होतं. पारोळ्याला ही गोष्ट पोचायला संध्याकाळ पुरली असती. अक्का उठली, डॉक्टरांपुढे बसली आणि बाही वर केली.

"मन्हं एखलीनं ल्या, डाक्टर भाऊ. यास्ले जाऊ द्या. मी उगाच बलावं तुमले."

तेव्हा माय बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिनं अक्काकडे बघितलं नाही, भिकनमामाकडे बघितलं. मामा एकदम म्हणाला, "नको, मंदा." पण ती थांबली नाही. आणि जन्मात पहिल्यांदा ती ओरडून बोलली नाही.

"या दोन्हीस्ना संबंध नही, डाक्टर. लिला मन्हा पोटनी पोर नही शे."

डॉक्टरांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.

मी काय सांगू तुम्हाला. वीज पडल्यासारखं वगैरे लोक म्हणतात, तसं मला काही झालं नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आत सुंदरचं रडणं थांबलं आणि ती धावत दारात आली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि मग मी अक्काकडे बघितलं, तर ती आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. बाही तशीच वर केलेली.

"मंग मी कोननी शे?" तिनं विचारलं.

मायनं सांगितलं. जिनात हंगामाला बाहेरगावचे लोक यायचे. एका वर्षी नवरा-बायको आले, बाईच्या कडेवर तान्हं. ती मायच्या शेजारी बसून कापूस वेचायची, पोर दोघींच्या मधे ओच्यात. हंगाम संपता संपता बाईला ताप भरला आणि ती तिथंच जिनाच्या शेडमधे गेली. नवऱ्यानं पोर मायच्या ओटीत टाकलं. पुढल्या हंगामाला येतो आणि घेऊन जातो, म्हणाला. मायला तोवर मूल नव्हतं. ती रोज देवाला सांगायची की तो न येवो. तो आला नाही. मामाला आणि आबांना ठाऊक होतं, आणि त्या दोघांना तिनं देवापुढे नेऊन शपथ घातली होती.

डॉक्टर हळूच म्हणाले, की मग लिलाबाईच्या खऱ्या आईकडची माणसं शोधायला पाहिजेत. तिला बहिणी असतील, त्यांच्या लेकी असतील, त्यांच्या घरी अशीच मुलं पडत असतील. त्यांना सांगायला हवं. त्यांनी अक्काच्या गोलाची वरची रेघ खोडली, नवा रिकामा गोल काढला आणि पेन्सिल टेकवून विचारलं, "नाव काय त्या बाईचं?"

माय कागदावरच्या त्या रिकाम्या गोलाकडे बघत राहिली.

"नाव, आजी."

"चोपडेवाली," माय म्हणाली.

त्या टोळीत बायकांना नावानं हाक मारायची रीत नव्हती. जी ज्या गावाकडची लेक, त्या गावावरून तिला हाक मारायची. धरणगाववाली, शिरपूरवाली. मायला सगळ्या एरंडोलवाली म्हणायच्या. एका हंगामापुरती आलेली बाई, तिला नाव विचारतं कोण? आणि चोपडा म्हणजे गाव चोपडा की तिकडचं एखादं खेडं, तेही मायला सांगता येईना. नवऱ्याचं नाव तर बायकांच्या तोंडी येतच नव्हतं. ती आठवायला बसली, डोळे मिटून, पिठाचे हात कपाळाला लावून. काहीच आलं नाही. तिच्या शेजारी बसून ती बाई पूर्ण हंगाम बोलली होती, हसली होती, मेली होती.

अक्कानं हात पुढे केला. "ल्या," म्हणाली. डॉक्टरांनी रक्त घेतलं. तिनं बाही खाली केली, आधारला कडेवर घेतलं आणि भटूभाऊंना म्हणाली, "चला." पोळी खाल्ली नाही. मायनं तिचा पदर धरला. अक्कानं तो सोडवून घेतला, झटकून नाही, सावकाश, एकेक बोट काढून. माझी सासरी पाठवणी झाली. सुंदरचं लग्न ठरल्या तिथीला लागलं. त्या लग्नाला अक्का आली नाही. मला श्रावणात मुलगा झाला, तो आज ट्रक चालवतो. हे सगळं त्या एका वाक्यानं झालं आणि मी ते नाकारत नाही. माय ते वाक्य बोलली नसती तर माझं काय झालं असतं, हेही मला ठाऊक आहे.

पुढच्या आखाजीला मामा मुराळी होऊन बोदवडला गेला आणि एकटाच परत आला. अक्कानं त्याला जेवू घातलं, आधार आजारी आहे म्हणाली. त्याच्या पुढच्या आखाजीलाही तसंच. "तू सोता जाय ना," मामा मायला म्हणायचा. माय म्हणायची, "कोनतं तोंड लईसन जाऊ?"

शहात्तरच्या थंडीत आधार गेला. तेव्हा मात्र माय बोदवडला गेली. लेकीच्या घरी असं झालं की माहेरचं लुगडं न्यायचं असतं, ते घेऊन गेली. मी बरोबर होते. अक्का माझ्या गळ्यात पडून रडली, सुंदरच्या सासूच्या गळ्यात पडून रडली, कोणा कोणाच्या गळ्यात पडली. मायपुढे आल्यावर तिनं डोळे पुसले, लुगडं दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाली, "बसा. च्या लेतस का?"

"बस" नाही, "बसा". आमच्याकडे आईला अहोजाहो कोणी करत नाही. माय खाली बसली ती भटूभाऊंनी हाताला धरून उठवेपर्यंत बसून होती. अमळनेर आल्यावर फलाटावर उभं राहून मला म्हणाली, "तिले तिनी माय शोधीसन देवाले जोयजे. मन्हाकडथीन तेवढंच बाकी शे."

तेव्हापासून तिला वेड लागलं. लोक वेडच म्हणायचे. जिनातून आता तिला काढलंच होतं, दम लागायचा म्हणून. ती एसटीनं चोपड्याला जायला लागली. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बायका गाठायच्या आणि विचारायचं, तुमच्या गावाची कोणी लेक पूर्वी अमळनेरच्या जिनात नवऱ्याबरोबर गेली होती का, जी परत आली नाही. गोरी होती, समोरचा एक दात पडलेला होता. एवढंच सांगायला तिच्याजवळ होतं. कोणी बसवून पाणी द्यायचं, कोणी हाकलून लावायचं. मग चोपडा सोडून ती आसपासच्या खेड्यांवर जायला लागली. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, मिळालं नाव तरी त्याचं काय लोणचं घालणार आहेस? ती म्हणाली, तिकडे कोणाची पोरं पडत असतील तर त्यांनाही सांगायला नको का, डॉक्टर म्हणाला होता. पण तिला डॉक्टरचं काही पडलेलं नव्हतं, हे मला कळत होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात तिला तिकडेच ऊन लागलं. रस्त्याकडेला निंबाखाली बसलेली सापडली. कोणा भल्या माणसानं एसटीत घालून आणलं. घरी आल्यावर दोन दिवस होती. नाव सापडलं नव्हतं.

बोदवडला निरोप गेला. अक्का येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आली, भटूभाऊंबरोबर, दुपारच्या गाडीनं. मायला अंगणात ठेवलं होतं. अक्का आत आली नाही. फाटकापाशी गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यात जाऊन उभी राहिली.

"लेकी पुढे या, तोंडात पानी घाला," भिकनमामा म्हणाला.

सुंदर आणि मी गेलो. मामानं परत आवाज दिला, अक्काकडे बघून. ती हलली नाही. माझं डोकंच फिरलं. मी तशीच ओल्या हातानं फाटकापाशी गेले आणि तिच्या दंडाला धरलं.

"पाणी घालायला चल," मी म्हटलं. "तुझ्या आईचं नाव शोधायला ती चोपड्याच्या उन्हात वणवण फिरत होती. त्या उन्हानंच मेली. ठाऊक तरी आहे का तुला?"

तिला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिचा दंड सोडला.

"माले नाव कोठे जोयजे व्हतं, कुंदा?" ती म्हणाली. "माले माय जोयजे व्हती. दर आखाजीले दारमा बठत व्हतू. मामा येवो का कोनी येवो, पन एकदाव ती सोता लेवाले येई म्हनीसन वाट देखत व्हतू."

मग ती माणसांना बाजूला सारत मायकडे निघाली. तोवर त्यांनी मायला खांद्यावर घेतलं होतं.